जपान दुसऱ्यांच्या नळांवर पैसा का खर्च करतो?

पुण्याच्या वर्तमानपत्रांत गेली दहा वर्षं ‘जायका प्रकल्प’ हे दोन शब्द अधूनमधून येत राहतात. कधी निविदा रद्द झाली म्हणून, कधी जागा ताब्यात आली नाही म्हणून, कधी मुदत पुन्हा वाढली म्हणून. मुळा-मुठेत जाणारं सांडपाणी शुद्ध करायला जपानने कर्ज दिलंय, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण पुण्याच्या गटारांशी जपानचा काय संबंध? आणि पुणंच कशाला? मडगावच्या मलवाहिन्या, बंगळूरला येणारं कावेरीचं पाणी, कंबोडियाच्या राजधानीतले नळ, झांबियाच्या खेड्यांतले हातपंप, या सगळ्यांत कुठे ना कुठे जपानचा पैसा किंवा जपानी माणूस आहे.

जायका म्हणजे जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था. जपान सरकार परदेशांना जी विकासमदत देतं, तिचा मोठा भाग या संस्थेमार्फत जातो. पाणी आणि स्वच्छता या क्षेत्रात सर्वाधिक पैसा देणाऱ्या देशांत जपान कित्येक वर्षं अगदी वरच्या रांगेत आहे. ही मदत चालते कशी, कुठे फळते आणि कुठे वाया जाते, ते पाहण्यासारखं आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगाच्या पाण्याचा हिशेब ठेवतात. त्यांच्या २०२५ च्या अहवालानुसार सुमारे २१० कोटी माणसांना सुरक्षित पिण्याचं पाणी मिळत नाही आणि ३४० कोटी माणसांच्या मैल्याची सुरक्षित विल्हेवाट लागत नाही. इथे ‘सुरक्षित’ची व्याख्या कडक आहे. पाणी घरात किंवा अंगणात आलं पाहिजे, हवं तेव्हा मिळालं पाहिजे आणि त्यात जंतू किंवा घातक रसायनं नसली पाहिजेत. संडासाचंही तसंच. संडास बांधला म्हणजे काम झालं असं नाही. टाकीतला मैला शेवटी कुठे जातो, तेही मोजलं जातं. सेप्टिक टँक उपसणारी गाडी रात्री ओढ्यात रिकामी होत असेल, तर तो संडास या हिशेबात सुरक्षित धरत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी हे सगळं २०३० पर्यंत साधायचं ठरवलंय. आताच्या वेगाने ते होणार नाही.

पैसा तीन वाटांनी येतो

पहिली वाट कर्जाची. पुण्याचंच उदाहरण घेऊ. जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. रक्कम सुमारे १,९०६ कोटी येन, व्याज वर्षाला ०.३० टक्के, फेडीची मुदत ४० वर्षं आणि त्यातली पहिली १० वर्षं मुद्दल फेडायची गरज नाही. असं कर्ज कुठलीही बँक देणार नाही. प्रकल्पाचा मूळ खर्च ९९०.२६ कोटी रुपये धरला होता. त्यातले ८५ टक्के केंद्र सरकार महापालिकेला अनुदान म्हणून देणार आणि उरलेले महापालिका घालणार. म्हणजे जपानचं देणं फेडायचं ते दिल्लीने. गोव्यालाही २००७ मध्ये सुमारे २,२८० कोटी येनचं कर्ज मिळालं. साळावलीच्या पाणीयोजनेची क्षमता वाढवणं आणि मडगावसारख्या शहरांत मलनिस्सारण, ही त्यातली मुख्य कामं.

कर्ज स्वस्त असलं तरी ते येनमध्ये असतं. पुढच्या ४० वर्षांत येन महाग झाला तर रुपयांतला हप्ता फुगतो. ही जोखीम घेणाऱ्याची, देणाऱ्याची नाही.

दुसरी वाट अनुदानाची. हा पैसा परत करायचा नसतो आणि तो मुख्यतः गरीब देशांना मिळतो. तिसरी वाट माणसांची. जपानी महापालिकांचे पाणी खात्यातले अभियंते आणि तंत्रज्ञ परदेशी शहरांत जाऊन राहतात, तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर काम करतात. खर्चाच्या दृष्टीने ही वाट सगळ्यात छोटी. माझ्या मते मात्र सगळ्यात मोलाची हीच.

कर्जदाराचा सावकार कसा झाला

जपानची मदत कर्जाच्या रूपात एवढी का, याचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. युद्धानंतर जपान स्वतःच कर्जदार होता. १९५७ मध्ये त्याने जागतिक बँकेकडून ७० लाख डॉलर घेतले आणि आइची कालवा खणला. शेतीबरोबर शहरांना आणि कारखान्यांनाही त्याचं पाणी मिळालं. बुलेट ट्रेनसाठीही १९६१ मध्ये जागतिक बँकेपुढेच हात पसरला होता. ही सगळी कर्जं फिटायला १९९० उजाडलं. गंमत अशी की डोक्यावर असं कर्ज असतानाच, १९५८ मध्ये, जपानने आपलं पहिलं येन-कर्ज दिलं, आणि ते भारताला. कर्ज घेतलं की देश शिस्तीने पैसा वापरतो, ही जपानी अधिकाऱ्यांची तेव्हापासूनची श्रद्धा. ती प्रत्येक ठिकाणी खरी ठरते असं नाही, ते पुढे येईलच.

पाण्याच्या बाबतीतही जपान जन्मतः स्वच्छ नव्हता. १९५६ मध्ये मिनामाता गावात पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले. कारखान्याचं सांडपाणी समुद्रात, समुद्रातून माशांत आणि माशांतून माणसांत, असा तो प्रवास होता. किताक्युशू या पोलादाच्या शहरालगतच्या दोकाई उपसागराला लोक ‘मृत समुद्र’ म्हणत. तिथल्या बायकांनी धूर आणि घाण यांविरुद्ध चळवळ उभी केली, तेव्हा कुठे महापालिका आणि कारखाने हलले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या १० टक्के लोकांच्या घरांनाही भुयारी गटार जोडलेलं नव्हतं. पण म्हणून गटाराची वाट पाहत बसले नाहीत. पंपाच्या गाड्या घरोघरी जाऊन टाक्या उपसत आणि त्यातल्या बऱ्याच मैल्यावर खास केंद्रांत प्रक्रिया होई. भुयारी गटार पोचेपर्यंत लोकांना ताटकळत ठेवायचं कारण नाही, हे जपान आज इतर देशांना सांगतो ते अनुभवाने.

टोकियोच्या नळयोजनेत १९५० च्या दशकात जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी गळून जात होतं. आज हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामागे यंत्रं आहेत, चांगले पाइप आहेत, आणि रात्री वाहतूक थांबल्यावर रस्त्याला धातूची कांडी टेकवून, दुसरं टोक कानाला लावून जमिनीखालच्या गळतीचा आवाज ऐकणारे कर्मचारीही आहेत.

नॉम पेन्हमध्ये काय घडलं

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने हे शहर रिकामं केलं आणि लाखो माणसं खेड्यांत हाकलली. १९७९ मध्ये लोक परतू लागले तेव्हा पाणी खात्यातली जाणती माणसं बहुतेक मेली होती आणि नळांचे नकाशे गायब होते. १९९३ मध्ये स्थिती अशी होती की पाणी दिवसाचे काही तासच यायचं, तेही शहराच्या लहानशा भागात, आणि शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के कुठे जातं याचा पत्ता नव्हता. त्यात काही गळती होती, काही चोरी. अभियंते याला ‘नॉन-रेव्हेन्यू वॉटर’ म्हणतात. सोडलेलं, पण पैसे न मिळालेलं पाणी. आपल्याकडे सगळं ‘गळती’ या एका नावाखाली खपवतात, त्यामुळे चोरी झाकली जाते.

हा आकडा समजून घेतला की पाण्याचं अर्धं अर्थकारण समजतं. १०० लिटर पाणी शुद्ध करायला वीज, क्लोरीन आणि पगार १०० लिटरचे लागतात. बिल फक्त २८ लिटरचं निघतं. त्यातही सगळे भरत नाहीत. मग दुरुस्तीला पैसा उरत नाही, म्हणून गळती वाढते, पाणी कमी दाबाने येतं, म्हणून लोक बिल भरत नाहीत किंवा चोरून जोडणी घेतात. अशा शहरात नवं शुद्धीकरण केंद्र बांधून आणखी १०० लिटर सोडले तर त्यातलेही ७२ जाणार. तरी पुढारी नवं केंद्रच बांधतात, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. बुजवलेल्या गळतीवर फीत कापता येत नाही.

१९९३ मध्ये ‘एक सोन चान’ या नावाचे अभियंते तिथल्या पाणी खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी आधी घरोघरी पाहणी केली. यादीतल्या हजारो ग्राहकांना पाणी जातच नव्हतं आणि यादीत नसलेल्या हजारो घरांना मजेत जात होतं. चोरट्या जोडण्या विकणारे त्यांच्याच खात्यातले लोक होते. चान यांनी त्यांना काढलं. चोरीची खबर देणाऱ्या नागरिकांना बक्षीस लावलं आणि प्रत्येक जोडणीला मीटर बसवायला घेतलं. एका सेनाधिकाऱ्याच्या घरी मीटर लावायला गेले, तर त्याने डोक्याला पिस्तूल लावलं. हा किस्सा चान यांनी मुलाखतींत सांगितला आहे. ते परत गेले ते सशस्त्र पोलीस घेऊन. जोडणी तोडली. शेवटी अधिकाऱ्याने मीटर लावून घेतलं.

या सगळ्यात जपान कुठे होता? १९९३ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचा बृहत् आराखडा जायकाने करून दिला. त्यात आधी काय आणि नंतर काय याचा क्रम ठरवलेला असल्याने जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि फ्रान्स यांचा पैसाही त्याच आराखड्यानुसार लागला. दहा दात्यांनी दहा दिशांना खणलं नाही. जपानी अनुदानातून शुद्धीकरण केंद्र वाढवलं आणि पाइप बदलले. मग १९९९ पासून किताक्युशूच्या महापालिकेचे तज्ज्ञ येऊ लागले. त्यांनी शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येक विभागात किती पाणी शिरतं ते सतत मोजण्याची पद्धत बसवली. चाळीच्या प्रत्येक मजल्याला वेगळा वीज मीटर लावला की आकडा कुठल्या मजल्यावरून टाकलाय ते कळतं, तसंच हे. एखाद्या विभागात रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, पाण्याचा प्रवाह जास्त दिसला की गळती तिथेच. पथक लगेच निघतं.

दरही वाढवले. आधी पाणी सुधारलं, मग दर. तीन टप्प्यांत वाढ ठरली होती. पण चोरी थांबून वसुली एवढी सुधारली की तिसरा टप्पा लागलाच नाही. गरीब वस्त्यांतले लोक टँकरवाल्यांकडून आणि विक्रेत्यांकडून नळाच्या कित्येक पट दराने पाणी घेत होते, त्यांना जोडणीच्या खर्चात सवलत आणि हप्ते मिळाले. पाण्याला दर लावला की गरीब मरतो, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. नॉम पेन्हच्या गरिबाला महागात पडत होतं ते नळ नसणं.

२०१० च्या सुमाराला तिथलं पैसे न मिळालेलं पाणी ७२ वरून सुमारे ६ टक्क्यांवर आलं होतं, पाणी २४ तास येत होतं आणि थेट नळाचं पिता येत होतं. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले तेव्हा त्यात नोंदवलेली पहिली कंपनी होती हे पाणी खातं.

आणि यमुना

याच जपानने याच काळात दिल्लीतही पैसा ओतला. यमुना कृती योजना १९९३ मध्ये जपानी कर्जावर सुरू झाली, पुढे तिचे दुसरा आणि तिसरा टप्पेही आले. दिल्लीतला वझिराबाद ते ओखला हा पट्टा अवघा २२ किलोमीटरचा, नदीच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्के. पण नदीच्या प्रदूषणाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भार तिथेच पडतो. तीन दशकांनंतरही छटपूजेच्या दिवसांत त्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो.

पैसा दोन्हीकडे जपानचाच. मग फरक कशात? दिल्लीत शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली, पण मोठ्या वस्त्यांना मलवाहिन्याच नव्हत्या. त्यांचा मैला नजफगढसारख्या उघड्या नाल्यांतून थेट नदीत जात राहिला आणि केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली नाहीत. वझिराबादला पिण्यासाठी एवढं पाणी उचललं जातं की कोरड्या महिन्यांत खाली नदी म्हणून जे वाहतं ते मुख्यतः सांडपाणीच. कामाची जबाबदारी केंद्र, तीन राज्यं, जल बोर्ड आणि महापालिका यांत वाटलेली होती. नदी अजून घाण का, हा प्रश्न ज्याच्या टेबलावर येऊन थांबेल असं तिथे कोणी नव्हतं. नॉम पेन्हमध्ये तो चान यांच्या टेबलावर थांबत होता.

पुण्याचं प्रकरण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. ११ शुद्धीकरण केंद्रं, एकूण क्षमता रोज ३९.६ कोटी लिटर, मूळ मुदत जानेवारी २०२२. निविदांचे दर फार चढे आले म्हणून त्या रद्द झाल्या, काही जागा वेळेत मिळाल्या नाहीत आणि भूमिपूजन झालं तेच मार्च २०२२ मध्ये. ०.३० टक्के व्याजाचं कर्ज मंजूर होऊन सहा वर्षं पडून राहिलं. पैशाची अडचण हे कारण इथे कोणाला सांगता येणार नाही.

खेड्यातला पंप बंद पडतो तेव्हा

शहरांपेक्षा खेड्यांत मदत लवकर मरते. आफ्रिकेत अनेक देशांनी हजारो विंधनविहिरी खणून हातपंप बसवले. पंपाचा वॉशर झिजतो, दांडा तुटतो, आणि सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळत नाही. मग बायका पुन्हा जुन्या डबक्यावर. झांबियात जायकाने २००५ पासून नेमक्या याच गोष्टीवर काम केलं. गावाने थोडे पैसे जमवायचे, गावातल्या माणसांना दुरुस्ती शिकवायची आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुट्या भागांचं दुकान चालवायचं. ऐकायला फारच साधं वाटतं. पण विहीर खणण्यापेक्षा हे चिवट काम आहे आणि त्याचा फोटो छापण्यासारखा येत नाही.

झांबियातले बहुतेक पंप ‘इंडिया मार्क टू’ जातीचे. या पंपाचं मूळ मराठवाड्यात आणि सोलापुरात आहे. जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी १९६० च्या दशकात पोलादी पंपावर प्रयोग केले, सोलापुरात त्याची मजबूत आवृत्ती झाली, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने तीच सुधारून देशभर, मग जगभर गेली. दुष्काळी भागातल्या दिवसभराच्या वापराला टिकेल असा पंप जालना-सोलापुराशिवाय कुठे घडणार होता!

टिकाऊपणाचाच विचार अफगाणिस्तानात डॉ. तेत्सु नाकामुरा यांनी केला. हे सरकारी नव्हते. त्यांचं काम प्रामुख्याने जपानमधल्या सामान्य माणसांच्या देणग्यांवर चाले. २००० च्या दुष्काळात घाण पाण्याने मुलं दगावताना पाहून या डॉक्टरने विहिरी खणायला घेतल्या, आणि २००३ पासून कुनार नदीवर २५ किलोमीटरचा कालवा. काँक्रीटऐवजी त्यांनी तारेच्या जाळीत दगड भरून काठ बांधले, कारण अफगाण शेतकरी दगडकामात तरबेज आणि काठ फुटला तर तो स्वतः दुरुस्त करू शकतो. ४ डिसेंबर २०१९ ला जलालाबादमध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

यात जपानचं काय?

निव्वळ परोपकार म्हणून कोणताच देश एवढा खर्च करत नाही. काही कर्जांत जपानी कंपन्यांकडूनच माल घ्यायची अट असते. अट नसली तरी आराखडा जपानी, सल्लागार जपानी, म्हटल्यावर पंप आणि पाइप कुठले हे ओळखणं कठीण नाही. किताक्युशूने तर कंबोडियातल्या कामाच्या ओळखीवर आपल्या शहरातल्या कंपन्यांना बाहेरची कंत्राटं मिळवून द्यायला सुरुवात केली. आशियात चीनचा पैसा वाढत असताना मैत्री टिकवणं हाही हेतू आहे. आणि टीका करायची तर ही करता येईल की मोठी कर्जं फेडण्याची ऐपत असलेल्या देशांकडे आणि मोठ्या शहरांकडे जातात, ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे अशा खेड्यांकडे नाही.

तरी कर्जाचा एक गुण अलीकडे ठळकपणे दिसला. अमेरिकेने २००५ मध्ये गरीब देशांना पाणी पुरवण्यासाठी खास कायदा केला होता आणि त्यांची यूएसएड ही संस्था मुख्यतः अनुदानं देत होती. २०२५ च्या जानेवारीत ती मदत गोठवली गेली आणि १ जुलैला संस्थाच बंद झाली. नेपाळपासून मालीपर्यंत अर्धवट पाणीयोजना तशाच उभ्या राहिल्या. सत्तेवरचा माणूस बदलला की अनुदान आटतं. सह्या झालेला कर्जाचा करार असा एका रात्रीत फाडणं दोघांनाही जड जातं.

जपानने २०२२ मध्ये कुमामोतोच्या जलपरिषदेत पुढच्या पाच वर्षांत सुमारे ५० हजार कोटी येन देण्याचं जाहीर केलं. पैशाची तयारी आहे. चणचण आहे ती माणसांची. जपानची लोकसंख्या घटते आहे, महापालिकांतले जुने पाणीतज्ज्ञ निवृत्त होत आहेत आणि १९६०-७० च्या दशकांत घातलेले पाइप आता म्हातारे झालेत. २८ जानेवारी २०२५ ला टोकियोजवळच्या याशिओ शहरात जुनी मलवाहिनी फुटून रस्ता खचला आणि चालकासह एक ट्रक खड्ड्यात गेला. चालक वाचला नाही. सुमारे १२ लाख लोकांना काही दिवस अंघोळ आणि कपडे धुणं कमी करायला सांगावं लागलं. गळती ऐकू येणारी माणसं आता घरीच हवी आहेत.